सकाळचं सॅम्पल

१

फ्रीजर उघडला की आधी थंड वाफ तोंडावर येते, मग आतलं दिसतं. वाफ सरली आणि लक्ष्मणरावांच्या रांगेतली एक खाच रिकामी असल्याचं धम्मप्रियाला दिसलं.

तिनं हातमोज्यानं रांगेतलं बर्फ पुसलं. दाखल झाल्या संध्याकाळची ट्यूब होती. शस्त्रक्रिया चालू असतानाची होती, नंतरचीही होती. मधली, सकाळची, तेवढीच नव्हती. तिनं वरचे-खालचे खण उपसले, फ्रीजरमागे वाकून पाहिलं. मग झाकण लावून ती तशीच उभी राहिली. एकाएकी आपल्या पाठीमागे कुणीतरी आहे असं वाटून तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

डॉ. धम्मप्रिया सोनकांबळे नांदेडच्या त्या रुग्णालयात प्रयोगशाळेची प्रमुख होती. मानेतली, मेंदूला रक्त नेणारी धमनी चरबीनं अरुंद झाली की ती उघडून साफ करतात. अशा रुग्णांवर ती अभ्यास करत होती. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजली तर मेंदूला धक्का बसला का आणि कधी बसला, याचा अंदाज येतो. म्हणून प्रत्येक रुग्णाचं रक्त ती दाखल होताना घ्यायची, मग शस्त्रक्रियेच्या सकाळी, शस्त्रक्रिया चालू असताना आणि नंतर.

अहमदपूरकडच्या लक्ष्मणरावांची वाचा दोन-तीनदा क्षणभर गेली होती, म्हणून गुरुवारी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली, पण ते शुद्धीवर आले नाहीत. स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलेलं दिसलं. त्याच दिवशी कवटीला छिद्र पाडून ते काढलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. शुक्रवारी त्यांचा मुलगा व्यंकट माणसं घेऊन आला. खालच्या मजल्यावरची एकही काच शाबूत राहिली नाही. शनिवारी त्यानं बापाला लातूरच्या रुग्णालयात हलवलं आणि शल्यचिकित्सक डॉ. हरिओम बिराजदार यांच्यावर तक्रार नोंदवली.

आज सोमवार. पोलिसांनी धम्मप्रियाकडे या सगळ्या नमुन्यांचा रिपोर्ट मागितला होता.

चोराला दुसरं काही नको होतं. इतक्या रांगांतून त्यानं नेमकी एक ट्यूब उचलली होती. म्हणजे तो आतला माणूस होता. कदाचित याच मजल्यावर, काचेपलीकडून जाता-येता तिला नमस्कार करणारा.

२

"किल्ली दारामागच्या खिळ्याला असते मॅडम, तुम्हाला म्हाईतच हाय," तंत्रज्ञ रामलिंगदादा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "समद्यांनाच म्हाईत हाय. माझ्यावर येतंय का हे?"

"तुमच्यावर कशाला येईल? कोण कोण येऊन गेलं तेवढं सांगा."

"शुक्रवारी तो पोरगा आला व्हता, व्यंकट. माझ्या बापाचं रगत मला द्या म्हणून दार बडवून राहिला व्हता. वॉचमननं वढून नेलं. शनिवारी बिराजदार सर आले. बराच वेळ ह्या स्टुलावर बसले. काई बोलले न्हाईत."

बिराजदार त्यांच्या खोलीत खिडकीचा पडदा ओढून बसले होते. त्यांनी दाढी केली नव्हती. टेबलावरचा फोन वाजत होता आणि ते तो उचलत नव्हते.

"ट्यूब मी नेली असं वाटतंय ना तुला?" त्यांनी विचारलं.

"मी विचारायला आलेय, सर."

"नाही नेली. शनिवारी आलो होतो खरा. वाटलं, फ्रीजरकडे बघून तरी कळेल माझं कुठं चुकलं." ते हाताकडे पाहू लागले. "रक्त पातळ करायचं औषध मीच द्यायला लावलं होतं. ते दिल्याशिवाय धमनीला चिमटा लावता येत नाही. पण त्यानंच रक्तस्राव झाला असणार. दुसरं काय? घरी मुलीला शाळेत पाठवायची भीती वाटते, धम्मप्रिया. काल फाटकाजवळ दोघंजण उभे होते."

तिला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. पण बाहेर पडताना तिनं मनाला बजावलं की घाबरलेला माणूस खरं बोलत असतोच असं नाही.

कँटीनमध्ये करिश्मा भेटली. डॉ. करिश्मा चिद्रावार भूल देणारी डॉक्टर होती. दोघींचा डबा कित्येक वर्षं एकत्र उघडायचा. करिश्मानं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"तोंड बघ तुझं. किती मनाला लावून घेतेस?"

"कुणीतरी माझ्या फ्रीजरला हात लावलाय, करिश्मा. मला एकटीला तिथं बसवत नाही आता."

"व्यंकटचंच कुणी असेल. नाहीतर..." करिश्मानं आवाज खाली केला. "सरांचं डोकं सध्या ठिकाणावर नाही. मी काही म्हणत नाही, पण माणूस घाबरला की काहीही करतो. आणि खरं सांगू? त्या ट्यूबचा तुला काय उपयोग होता? लालसर झालेलं सीरम. कोर्टात कुणी धरलं नसतं. बाकीच्या सॅम्पलचा रिपोर्ट दे आणि मोकळी हो."

धम्मप्रियानं मान हलवली. मैत्रिणीशी बोलून नेहमी जीव थोडा हलका व्हायचा. आज झाला नाही.

प्रयोगशाळेकडे परत जाताना मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एका म्हाताऱ्या बाईचा दबका आवाज आला.

"रगतात समदं दिसतं म्हनला व्हता तुमी. कुनामुळं झालं, ते बी दिसतं का?"

"कोण बोलतंय?"

फोन कट झाला. तिनं उलटा लावला. या वेळी पुरुषाचा आवाज होता, चढलेला. तो तिनं शुक्रवारी ऐकला होता.

"कोन हाय? माझ्या आईच्या फोनवर फोन करायचा न्हाई. दवाखान्यातलं कुनी हितं दिसलं तर पाय मोडून ठिवीन, सांगून ठिवतो."

३

तिनं प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. भर दुपारी असं कधी केलं नव्हतं.

कागद घेतला नाही, मशीन चालू केलं नाही. नुसती बसून विचार करू लागली. बिराजदार सरांनी ट्यूब नेली असं धरून चालू. का नेतील? शस्त्रक्रियेत चूक झाली असेल, तर आधीचं रक्त निर्दोष निघेल आणि नंतरचं बिघडलेलं. पण आधीचं म्हणून संध्याकाळची ट्यूब जागेवर होतीच. तिची तपासणी आज सकाळीच झाली होती आणि ती स्वच्छ निघाली होती. मग सकाळची नेऊन सरांच्या हाती काय लागलं? काहीच नाही. त्यांना लपवायचं असतं तर त्यांनी नंतरच्या ट्यूब नेल्या असत्या.

सकाळची ट्यूब नाहीशी करण्यात अर्थ एकाच स्थितीत होता: ती संध्याकाळच्यासारखी नसेल तेव्हा. सुरी लागायच्या आधीच तिच्यात इजेची खूण उतरली असेल तेव्हा.

तसं असेल तर ती ट्यूब सरांना सोडवणारी होती. म्हणजे नेणाऱ्याला सर सुटायला नको होते.

दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत लक्ष्मणराव याच इमारतीत होते. काहीतरी घडलं असेल तर ते इथंच, आपल्या छताखाली.

तिनं दार उघडून रामलिंगदादांना आत बोलावलं. त्या सकाळी नेहमीच्या तपासण्यांसाठीही रक्त घेतलं होतं ना? त्यातलं उरलेलं कुठाय?

"ते साध्या फ्रीजमंदी ऱ्हातंय की. आठवडाभर टाकत न्हाई आपन."

"काढा. कुणाला बोलू नका."

ते सीरम पिवळं, स्वच्छ होतं. तिनं ते स्वतः मशीनला लावलं आणि समोर बसून राहिली. बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली की तिची नजर दाराकडे जायची. एकदा पावलं दारापाशी थांबली. कडी हलली. मग पावलं निघून गेली.

पडद्यावर आकडा आला. तिनं तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तोच.

लक्ष्मणरावांच्या मेंदूला त्या सकाळी, भूल देण्याच्या आधीच मार बसलेला होता.

४

दुसऱ्या दिवशी तिनं लातूरची एसटी धरली. घरी कुणाला सांगितलं नाही. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा बरीच माणसं चढली आणि तिनं ओढणी डोक्यावरून घेतली. व्यंकटच्या गावचं कुणी असेल तर? शेजारी बसलेल्या बाईनं भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. तिनं घेतल्या आणि तशाच मुठीत धरून ठेवल्या.

लातूरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर लक्ष्मणरावांच्या पत्नी रुक्मिणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनेनं आणलेला डबा शेजारी तसाच होता. धम्मप्रियाला पाहताच त्या उठायला लागल्या, मग पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"मावशी, फोन तुम्हीच केला होता ना?"

"व्यंकट खाली औषधं आनायला गेलाय. तुमी जावा. त्यानं बगितलं तर लई वंगाळ व्हईल."

"जाते. एवढंच सांगा. त्या दिवशी सकाळी काय झालं?"

रुक्मिणबाईंनी जिन्याकडे पाहिलं, मग धम्मप्रियाच्या तोंडाकडे, मग पुन्हा जिन्याकडे.

"मी त्यास्नी न्हानीत बसवलं आन् टावेल आनाया भाईर आले. फरशी वली व्हती. मागल्या मागं गेले. इतं लागलं." त्यांनी स्वतःच्या उजव्या कानामागे हात लावला. "टेंगूळ आलं व्हतं. केसात दिसत न्हवतं. मालक म्हनले, कुनाला सांगू नकू, आपरेशन म्होरं ढकलतील. पर मला ऱ्हावलं न्हाई. मी सांगितलं व्हतं बाई. देवाशपत सांगितलं व्हतं."

"कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं तर त्यांनी... आन् मग नंतर मला म्हनले..."

त्यांचे शब्द तिथंच थांबले. नजर धम्मप्रियाच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"काय म्हनून राहिली आई?"

व्यंकट मागे उभा होता. हातात औषधांची पिशवी, डोळे जागरणानं लाल. त्यानं धम्मप्रियाला ओळखलं. पिशवी खाली ठेवली. सावकाश ठेवली, आणि त्या सावकाशपणाचीच तिला जास्त भीती वाटली.

"तुमी त्या दवाखान्यातल्या. माझ्या आईकून काय वदवून घेऊन राहिलाव?"

"मी लक्ष्मणरावांची विचारपूस करायला..."

"विचारपूस?" तो एक पाऊल पुढे आला. "माझा बाप चालत आला व्हता तुमच्या दारात. चाकाच्या खुर्चीवर बी बसला न्हाई, चालत गेला. आन् आता बगा काय करून ठिवलाव."

तिला सांगता आलं असतं. शस्त्रक्रियेनं नाही, पडल्यानं झालं, हे एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण रुक्मिणबाई खालून तिच्याकडे पाहत होत्या. शिकारी कुत्रं समोर आलेल्या सशासारखं त्यांचं अंग आकसलं होतं. हे वाक्य उच्चारलं तर मुलाचा सगळा राग कुणावर पडेल, ते धम्मप्रियाला कळलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "जाते मी."

तो जिन्यापर्यंत तिच्या मागे आला. हात लावला नाही. प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं, आता लावेल.

५

परतीच्या गाडीत तिला खिडकीशेजारी जागा मिळाली. बाहेर सोयाबीनची शेतं मागे पळत होती. तिच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न फिरत होता. रुक्मिणबाईंनी कुणाला सांगितलं?

शस्त्रक्रियागृहाच्या दारात त्या कुणालाही भेटल्या असतील. बिराजदार सर? त्यांना पडल्याचं ठाऊक असतं, तर स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा त्यांनी तेच ओरडून सांगितलं असतं. रामलिंगदादा? त्यांनी सकाळी रक्त घेतलं खरं, पण त्यांना काही लपवायचं असतं तर साध्या फ्रीजमधलं उरलेलं सीरम कालच नाल्यात गेलं असतं. व्यंकट? त्याला त्या रांगेतली नेमकी कोणती ट्यूब हे कळण्याची सोय नव्हती, आणि बाप पडला हेही माहीत नव्हतं. माहीत असतं तर आई त्याच्यापुढे अशी आकसली नसती.

गाडी लोह्याच्या पुढे आली. कुणीतरी चहाचा थर्मास उघडला. चहाचा वास आला, आणि त्या वासाबरोबर कँटीनचं टेबल आठवलं.

लालसर झालेलं सीरम.

धम्मप्रियानं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली.

नळीत घेतलेलं रक्त लालच असतं, कुणाचंही. ते यंत्रात फिरवून वेगळं केल्यावरच वरचं सीरम पिवळं आहे की लालसर, हे समजतं. त्या सकाळी रामलिंगदादा रक्त देऊन वॉर्डात परत गेले होते. ती ट्यूब तिनं स्वतः फिरवली होती. रक्तपेशी फुटून सीरम लालसर निघालं तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि ती कुणाशी त्याबद्दल बोलली नव्हती. ट्यूब तिच्या हातून थेट फ्रीजरमध्ये गेली होती.

तिच्याशिवाय तो रंग पाहिलेला माणूस एकच असू शकत होता. ती ट्यूब फ्रीजरमधून बाहेर काढणारा.

६

करिश्मा शस्त्रक्रियागृहाशेजारच्या खोलीत हिरव्या कपड्यांतच बसली होती. दुपारची शस्त्रक्रिया नुकतीच संपली होती. धम्मप्रियानं दार लोटलं आणि आत येऊन ती उभीच राहिली. आपल्याला या बाईची भीती वाटते आहे, हे कळून तिला रडू येईलसं झालं.

"सीरम लालसर होतं हे तुला कुणी सांगितलं?"

करिश्मा हसली. "तूच म्हणालीस ना?"

"नाही म्हणाले."

"मग रामलिंग म्हणाला असेल."

"ते तिथं नव्हते, करिश्मा."

करिश्माचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिनं डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळली.

"लालसर सॅम्पलमध्ये मी मोजते त्यातलं एक प्रथिन खोटं वाढलेलं दिसतं," धम्मप्रिया म्हणाली. "दुसऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू ती नेलीस. उपयोगाची नसती तर कशाला हात लावला असतास? त्याच सकाळचं साधं सॅम्पल मी तपासलंय. आणि आज मी लातूरला जाऊन आले."

"म्हातारी बोलली?"

"तुझं नाव घेतलं नाही त्यांनी. घ्यायला घाबरतायत. काय बोललीस तू त्यांच्याशी?"

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

"दारातच धरलं होतं मला," अखेर ती म्हणाली. "पडले म्हणाल्या, बघा जरा. मी आजोबांना विचारलं, डोकं दुखतंय? ते म्हणाले, काही नाही, घ्या लवकर आत. बोलणं नीट, हात-पाय नीट. पुढं ढकललं असतं तर पुन्हा तारीख कधी? आणि तोवर त्या धमनीतून गुठळी सुटली असती तर? मी खरंच त्यांचाच विचार केला, धम्मा. एक स्कॅन करायला सांगायचं होतं. नाही सांगितलं. आत रक्त थोडं साठलेलं असेल, वरून रक्त पातळ करायचं औषध गेलं..." तिनं चुरगळलेली टोपी बाजूला ठेवली. "टेबलावर ते जागे होईनात तेव्हाच मला कळलं होतं."

"मग सांगायचं तेव्हाच."

"त्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी खाली काचा फुटायला लागल्या. ती माणसं डॉक्टर कुठाय म्हणून जिन्यानं वर येत होती. मी या खोलीत कडी लावून बसले होते. तू नव्हतीस या खोलीत. तुला नाही कळायचं."

"मावशींना काय सांगितलंस?"

करिश्मानं मान खाली घातली.

"म्हटलं, पडल्याचं तोंडातून काढू नका. तुम्ही त्यांना एकटं सोडलं म्हणून झालं असं सगळे म्हणतील. पोलीस तुम्हालाच धरतील."

धम्मप्रियाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याच वेळी, कडी लावून कोपऱ्यात बसलेली करिश्माही तिला दिसत होती.

"सरांच्या फाटकाजवळ माणसं उभी राहतायत, मुलीला शाळेत पाठवायला ते घाबरतायत," ती म्हणाली. "आणि तिकडं ती बाई नवऱ्याच्या दाराशी उपाशी बसलीय. तिला वाटतंय आपणच त्यांना मारलं. रिपोर्ट मी उद्या पोलिसांना देणार. त्याआधी तू माझ्याबरोबर लातूरला चल."

"व्यंकट मला जिवंत सोडायचा नाही."

"मलाही भीती वाटते. तरी मी जाणार आहे."

७

बुधवारी सकाळी दोघी लातूरला पोचल्या तेव्हा रुक्मिणबाई त्याच भिंतीला टेकून होत्या. व्यंकट आणि गावातली चार-सहा माणसं बाकावर बसली होती. करिश्माला पाहताच रुक्मिणबाईंनी डोळे गच्च मिटले.

व्यंकट उठला. त्याच्याबरोबर बाकीचेही उठले. करिश्माचा हात धम्मप्रियाच्या मनगटाभोवती आवळला. मग तिनं तो सोडला आणि ती रुक्मिणबाईंच्या समोर खाली फरशीवर बसली.

"मावशी, सगळ्यांदेखत सांगते," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ऐकू येण्याइतका मोठा होता. "काका न्हाणीत पडले, हे तुम्ही मला शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलं होतं. वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्ही गप्प राहावं म्हणून तुम्हाला घाबरवलं, ते मीच. बिराजदार सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. यात तुमची चूक नाही."

आतल्या यंत्राचा टिक-टिक आवाज तेवढा दारातून येत होता.

व्यंकटची मूठ वळलेली होती. तो करिश्माकडे बघत होता. धम्मप्रिया मध्ये जायला सरकली. मग त्याची नजर हळूहळू आईकडे वळली.

"पडले व्हते?" तो म्हणाला. "आई, मला कामून न्हाई सांगितलंस? समदा गाव गोळा केला म्या. दगडं मारले."

रुक्मिणबाईंनी डोळे उघडले. त्यांनी करिश्माकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं.

"तुझं भ्या वाटलं, बाबा," त्या म्हणाल्या. "ह्या बाईपक्षा लई. तुझंच."

व्यंकटची मूठ उलगडली. मागची माणसं एकेक करून बाकावर बसली. तो मात्र उभाच राहिला. हात कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या माणसासारखा, आईपासून दोन हात लांब.

दार उघडून नर्स बाहेर आली. म्हणाली, पेशंट सकाळपासून हाक मारली की डोळे उघडून बघतायत, घरच्यांपैकी एकानं आत यावं.

सगळ्यांनी व्यंकटकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि आईसाठी दारासमोरून बाजूला झाला. रुक्मिणबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या.